मुरगाव लोहमार्ग व उघड्या वाघिणींतील कोळशाची धूळ : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रेल्वेच्या इतिहासलेखनात भांडवल, मार्गाची लांबी व मालवाहतूक यांच्या नोंदी विपुल आढळतात. मार्गालगतच्या वस्तीने या वाहतुकीची कोणती किंमत मोजली, याची नोंद मात्र क्वचितच होते. वास्को-कॅसलरॉक हा गोव्यातील लोहमार्ग या दृष्टीने अभ्यासनीय आहे. मिरज-लोंढा मार्गाने सांगली जिल्हाही याच मार्गाशी जोडलेला आहे.

मार्गाची उभारणी व बदलता माल

डिसेंबर १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारातून या मार्गाची कल्पना साकारली आणि १८८८ मध्ये घाटमार्ग पूर्ण झाला. अंतर्गत प्रदेशातील माल मुरगाव बंदरात आणणे हा त्याचा हेतू होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळ्ळारी-होसपेट परिसरातील लोहखनिज याच घाटातून खाली उतरू लागले. १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. पुढे कर्नाटकातील पोलाद कारखान्यांसाठी आयात कोळसा वाढला आणि भरलेल्या वाघिणी समुद्राकडून घाटाकडे चढू लागल्या. मालाची दिशा बदलली. धूळ मात्र दोन्ही काळांत रुळाकाठच्या माणसाच्या वाट्याला आली.

धुळीची कारणमीमांसा

उघडी वाघीण वरून भरता येते व उलटवून रिकामी करता येते. म्हणून ती वाहतूकदारास किफायतशीर ठरते. परंतु कोळशाचा वरचा थर वाऱ्याला मोकळा राहतो, हादऱ्यांनी बारीक कण सुटतात आणि परतणाऱ्या रिकाम्या वाघिणीतही भुकटी उरते. पाणी शिंपडल्याचा परिणाम ते सुकेपर्यंतच टिकतो. ताडपत्री फाटकी वा सैल असल्यास तिचा उपयोग नाममात्र उरतो. बचत एकाच्या पदरी पडते आणि खर्च दुसऱ्याच्या घरात, विहिरीत व फुप्फुसात जमा होतो.

लोकप्रतिकार व न्यायनिर्णय

२०१७ मध्ये बंदरविस्ताराच्या जनसुनावण्यांत हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. ‘गोंयांत कोळसो नाका’ ही चळवळ त्यातूनच बळावली. मार्गाच्या दुहेरीकरणाने कोळसावाहतूक वाढेल, या भीतीने नोव्हेंबर २०२० च्या प्रारंभी चांदर येथे नागरिक मोठ्या संख्येने रात्री रुळांवर जमले. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे टप्प्याच्या दुहेरीकरणास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. मात्र त्या निर्णयाचा गाभा पश्चिम घाटातील वन्यजीवसृष्टी हा होता. वेळसाव, कासावली वा चांदर येथील अंगणातील काळी धूळ हा त्याचा मुख्य विषय नव्हता.

समारोप

सदर विवेचनावरून असे दिसते की, या मार्गाच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीत राज्यकर्ते, रुळांचे माप व माल बदलले. हिशोबाची पद्धत बदलली नाही. अरण्याला न्यायालयात स्थान मिळाले, ही मोलाची घटना होय. तथापि, झाकलेली वाघीण ही वाहतूकदाराची सवलत नव्हे तर कर्तव्य मानले जाईपर्यंत रुळाकाठच्या वस्तीचा इतिहास अपुराच राहील. तो लिहिणे हे प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकाचेही दायित्व आहे.