पाच रकान्यांतली वेळ

'३० २ * * १-५'. सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही ही ओळ दाखवा, तो लगेच वाचून दाखवेल: सोमवार ते शुक्रवार, रात्री अडीच वाजता. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने. त्यांच्यापुढे चालवायची कमांड. फुली म्हणजे 'कोणताही'. स्वल्पविरामाने यादी होते, आडव्या रेघेने 'पासून–पर्यंत'. १९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तिच्यातल्या क्रॉन या प्रोग्रॅमची ही लिपी. पुढच्या पिढ्यांनी तिच्यात भर घातली, पण तिचा सांगाडा मोडला नाही.

तो पहिला क्रॉन फार साधा होता. यंत्र सुरू झालं की तो जागा व्हायचा, क्रॉनटॅब नावाची एकच फाइल वाचायचा, त्या मिनिटाशी जुळणाऱ्या ओळी चालवायचा आणि मिनिटभर झोपायचा. मग पुन्हा तेच. सगळी कामं रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने चालत.

ही सोय सर्वांना का मिळू नये, हा प्रश्न अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात पुढे आला. तिथल्या व्हॅक्स यंत्रावर शंभर जणांचा वावर होता. प्रत्येकाची फाइल दर मिनिटाला चाळायची म्हटल्यावर यंत्रावर फार भार पडू लागला. उत्तर सापडलं ते वेगळ्याच शाखेत. फ्रँटा आणि मॅली या दोघांनी सिम्युलेशनमधल्या घटना वेळेच्या क्रमाने झटपट कशा मांडाव्यात, यावर ऑगस्ट १९७७ मध्ये शोधनिबंध लिहिला होता. तो वाचताना पर्ड्यूच्या रॉबर्ट ब्राउन यांच्या लक्षात आलं की क्रॉनचं कामही नेमकं हेच आहे. येणारी कामं क्रमाने लावून ठेवायची आणि थेट पुढच्या कामाच्या वेळेलाच उठायचं! पुढे सिस्टिम व्ही युनिक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचा क्रॉनटॅब मिळाला.

१९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी आपला क्रॉन खुला केला. बीएसडी आणि लिनक्सच्या जगात तोच पसरला. दर पाच मिनिटांसाठी '*/५' लिहायची सवय त्याच्यामुळेच घराघरांत पोचली.

पण पाच रकान्यांना काही गोष्टी सांगताच येत नाहीत. भारतात सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. दुसरा शनिवार म्हणजे ८ ते १४ तारखेमधला शनिवार; म्हणून नवखा प्रोग्रॅमर '० ९ ८-१४ * ६' लिहितो. क्रॉनच्या रूढ नियमानुसार मात्र तारीख आणि वार दोन्ही भरले, तर दोहोंपैकी एक जुळलं तरी पुरतं. परिणामी ते काम ८ ते १४ रोज चालतं, शिवाय महिन्याच्या प्रत्येक शनिवारी. जाणकार मग दर शनिवारचा नमुना लिहितात आणि तारखेची तपासणी कमांडमध्येच करतात. तिथे टक्क्याच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, कारण क्रॉनटॅबमध्ये नुसतं टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ.

कॅलेंडर बनवणाऱ्यांना अशी पळवाट चालणार नव्हती. माणसांच्या बैठका 'महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी' अशाच ठरतात. नोव्हेंबर १९९८ मध्ये आरएफसी २४४५ या दस्तऐवजाने आयकॅलेंडरचे नियम घालून दिले. त्यात वाराला क्रमांक जोडता येतो आणि तारीख व वार दोन्ही जुळावे लागतात. दस्तऐवजातलं एक उदाहरण अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचं आहे: दर चार वर्षांनी, नोव्हेंबरमध्ये, २ ते ८ तारखेतला मंगळवार. सप्टेंबर २००९ च्या आरएफसी ५५४५ ने हाच पाया पुढे नेला. मे २०१५ मध्ये आरएफसी ७५२९ ने ग्रेगरीय नसलेल्या कालगणनांनाही जागा दिली. अधिक महिना असलेल्या हिब्रू वर्षातले सण त्यामुळे नियमात बसवता आले.

घड्याळाचा पेच तर आणखी जुना. अमेरिकेत वसंतात घड्याळं दोनवरून थेट तीनवर जातात. त्या रात्री अडीच वाजतच नाहीत, आणि शरद ऋतूत एकचा तास दोनदा येतो. भारतात घड्याळ असं हलत नाही, तरी सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. मध्यरात्रीसाठी लिहिलेलं काम मग पुण्यात पहाटे साडेपाचला सुरू होतं.

आज हजारो यंत्रांवर कामं वाटणारी कुबरनेटिस ही प्रणालीही वेळापत्रक याच पाच रकान्यांत मागते. तिची क्रॉनजॉब ही सोय २०२१ मध्ये स्थिर झाली. कोणत्या देशाची वेळ धरायची हे सांगण्याची सोय २०२३ मध्ये पक्की झाली, तेव्हाही रचनाकारांनी त्या ओळीत सहावा रकाना घातला नाही. टाइमझोनसाठी त्यांनी वेगळी नोंद ठेवली.