शिसे गेले, तंतू उगवले

आपल्या भांड्यांना कल्हई असे ती कथलाची. आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या सोल्डरमध्ये मात्र ६३ टक्के कथलाला ३७ टक्के शिशाची सोबत असे. शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून केसाहून बारीक तंतू उगवतात आणि शॉर्टसर्किट करतात. थोडे शिसे त्यांना आवरते. १९९८ च्या मे महिन्यात ‘गॅलक्सी ४’ उपग्रह निकामी होऊन अमेरिकेतील बहुसंख्य पेजर मुके झाले, त्याचे खापर अशाच तंतूंवर फुटले.

१ जुलै २००६ पासून युरोपने नव्या उपकरणांतील शिशावर बंदी आणली. उपग्रह आणि लष्करी सामग्री तिच्याबाहेर होती. पण सुटे भाग बनवणारे मोठ्या बाजारामागे गेले. मग आलेल्या भागांत शिसे आहे ना, हे क्ष-किरणांनी तपासणे आले. शिसे विषारी, बंदी योग्यच. परंतु कागदावरची सूट कारखान्यात मिळत नाही, असे मला वाटते.