राखेत पुरलेला विस्तव : मंगळवार पेठेतील चुलीचा ऊर्जा-हिशेब

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील जुन्या घरांत रात्री चूल विझवली जात नसे, झाकली जात असे. निखारा राखेत पुरला की त्याला हवा जेमतेम मिळे आणि तो पहाटेपर्यंत धुमसत राही. सकाळी दोन शेणी आणि फुंकणी एवढ्यावर विस्तव पुन्हा जागा होई.

चुलीला जोडून वैल असे. त्याला वेगळे सरपण लागत नसे, चुलीतली आच भोकातून त्याच्याकडे येई. चुलीवर भाकरी होई, तेव्हा वैलावर आमटी रटरटत असे.

१९२२ साली स्वीडनचे नोबेलविजेते गुस्ताफ दालेन यांनी ‘आगा’ ही शेगडी घडवली. तिच्यातही उष्णता साठवण्याचेच तत्त्व होते. लहानसा विस्तव अहोरात्र जळे, बिडाचे जड भाग ती उष्णता धरून ठेवत आणि जाड झाकणे ती बाहेर जाऊ देत नसत. शेगडी सदैव तयार राही, मात्र स्वयंपाक नसतानाही ती इंधन खातच असे.

राखेतल्या निखाऱ्याला असा खर्च नव्हता. तरीही चूल निर्दोष ठरत नाही. उघड्या चुलीतील साधारण दशांश उष्णताच भांड्याला मिळते, बाकीची भिंतीत, हवेत आणि धुरात जाते. १९८३ साली सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमापुढे सरपण आणि धूर हेच दोन प्रश्न होते.

वैलाने वाया जाणारी आच वाचवली. फुंकणाऱ्या बाईचा श्वास मात्र घराच्या हिशेबात कधी धरलाच गेला नाही.