यंत्र लढते तेव्हा लढतो कोण? : ऑनलाइन खेळांतील अभियंत्याची शस्त्रे आणि त्याचे एकटेपण

'अभियंता' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर पूल, धरणे, रस्ते उभे राहतात. शस्त्र उभे राहत नाही. युरोपातील या शब्दाचा इतिहास मात्र नेमका उलट आहे. लॅटिनमधील 'इंजेनियम' म्हणजे उपजत बुद्धी, कल्पकता. मध्ययुगात या कल्पकतेचे सर्वांत दृश्य फळ म्हणजे तटबंदी फोडणारी वेढ्याची यंत्रे, आणि ती यंत्रे बनविणारा तो 'इंजिनियर'. अठराव्या शतकात जॉन स्मीटनसारख्यांना आपण सैन्याचे नव्हे, तर नागरी कामाचे अभियंते आहोत हे सांगण्यासाठी 'सिव्हिल' हे वेगळे विशेषण वापरावे लागले. १७७१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या अशा अभियंत्यांच्या संस्थेच्या नावातही ते आहे. म्हणजे जे आज आपल्याला मूळ वाटते तो खरे तर अपवाद होता.

ऑनलाइन खेळांनी हा अपवाद पुसून अभियंत्याला पुन्हा रणांगणावर नेले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या पात्राच्या हाती कोणती शस्त्रे आली, ती कोणी आणि का निवडली, आणि मुळात संघासाठी घडविलेले हे पात्र एकट्याने खेळता यावे म्हणून खेळाडूंनी काय खटपटी केल्या, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या विषयाकडे वळावे का, असा प्रश्न कोणी विचारील. पात्ररचना, कर्तृत्व आणि कर्ता कोण हे प्रश्न आपल्या नित्य परिचयाचे आहेत. ते येथे निराळ्या, कधी कधी अधिक उघड्या स्वरूपात भेटतात, एवढेच उत्तर तूर्त पुरेसे आहे.

या परंपरेचा उगम अभियंत्याविना झाला. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला तेव्हा त्यात योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक अशा तीनच भूमिका होत्या. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा बहुखेळाडू खेळ सुरू केला. ते जग निव्वळ शब्दांचे होते. दार, दिवा, शत्रू, सारे वाक्यांतून घडत होते. पुढे १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'सारख्या खेळांत एक त्रिमूर्ती रूढ झाली : मार झेलणारा, जखमा भरणारा आणि प्रहार करणारा. या त्रयीत एकट्या माणसाला फारशी जागा नव्हती. बहुतेक भूमिकांना सोबतीवाचून पुढे सरकणे कठीण जाई. भुतावळ वा पशू पाळणाऱ्या काही मोजक्या भूमिका तेवढ्या एकट्या टिकत, कारण त्यांच्यापाशी मार झेलणारे 'दुसरे कोणी' होते. एकट्याने खेळण्याची ही पहिली युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकटे राहायचे तर स्वतःचे दोन भाग करावे लागतात.

अभियंत्याने हीच युक्ती उचलली. भुताच्या जागी त्याने यंत्र बसविले. २००१ मध्ये फनकॉम या नॉर्वेच्या कंपनीने आणलेल्या 'अ‍ॅनार्की ऑनलाइन'मध्ये अभियंता स्वतःचा यंत्रमानव बांधतो, त्याला पुढे करतो आणि आपण मागे राहून त्याची डागडुजी करतो. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये अभियांत्रिकी ही भूमिका नव्हती, लोहारकामासारखा तो एक जोडधंदा होता. त्यातील नोम आणि गॉब्लिन या दोन परंपरांची उपकरणे अधूनमधून बिघडत आणि वापरणाऱ्यावरच उलटत. हा केवळ विनोद नव्हता. मंत्र चुकला तर दोष मांत्रिकाचा; पण यंत्र उलटले तर दोष कोणाचा, हा प्रश्न त्या विनोदात दडलेला होता.

या पात्राची सर्वांत ठसठशीत घडण मात्र दुसऱ्या एका घराण्यात झाली. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयान कॉघली या तरुणांनी 'क्वेक' या खेळावर आधारलेले 'टीम फोर्ट्रेस' हे रूपांतर तयार केले. त्याची दुसरी आवृत्ती 'टीम फोर्ट्रेस २' ही ऑक्टोबर २००७ मध्ये आली. तिच्यातील नऊ पात्रांपैकी अभियंता हा टेक्ससचा, मृदू बोलीचा, गिटार वाजविणारा गृहस्थ आहे. त्याची तीन बांधकामे प्रसिद्ध आहेत : आपोआप नेम धरून गोळ्या झाडणारी सेन्ट्री गन, जखमा भरून दारूगोळा पुरविणारे डिस्पेन्सर आणि साथीदारांना क्षणात पुढे नेणारे टेलिपोर्टर. हाती शॉटगन, पिस्तूल आणि पाना. या पान्याने तो बांधतो, दुरुस्त करतो, आणि प्रसंग पडला तर मारतोही.

त्याच्यापाशी एका वेळी जास्तीत जास्त २०० एकक धातू असतो. साधी सेन्ट्री उभारण्यास १३० लागतात. तिला दुसऱ्या आणि मग तिसऱ्या पायरीवर नेण्यास प्रत्येकी २००. म्हणजे एक भक्कम तोफ उभी करायची तर पुन्हा पुन्हा धातू वेचावा लागतो, एका जागी थांबावे लागते, आणि त्या अवधीत कोणीतरी आपल्याला राखावे लागते. त्याचा मूळ शत्रू म्हणजे हेर. वेषांतर करून आलेला हा हेर यंत्राला एक उपकरण चिकटवून ते निकामी करतो आणि त्या उपकरणाचे नाव आहे 'सॅपर'. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समुळे हा शब्द आपल्याकडे अपरिचित नाही. वेढ्यात खंदक आणि सुरुंग खणणारा सैनिक तो सॅपर, म्हणजे अभियंत्याचाच सख्खा भाऊ. खेळात मात्र अभियंत्याच्या घराखाली सुरुंग लावणाऱ्या वस्तूला ते नाव मिळाले.

अशा घरबशा पात्राला एकट्याने बाहेर पडता येईल का? जुलै २०१० मध्ये या पात्रासाठी नवी शस्त्रे आली आणि त्यांतील 'गनस्लिंगर'ने या प्रश्नाचे उत्तर दिले. हे शस्त्र म्हणजे पान्याच्या जागी येणारा यांत्रिक हात. तो लावला की अभियंत्याचे आरोग्य १२५ वरून १५० होते, पण मोठी सेन्ट्री बांधण्याचा हक्क जातो. तिच्या जागी मिळते ती छोटी सेन्ट्री : किंमत १००, उभारणी झटपट, पायऱ्या चढण्याची सोय नाही. हिशेब साधा आहे. २०० धातूत एक छोटी सेन्ट्री आणि एक डिस्पेन्सर बसते, किंवा एकामागून एक दोन सेन्ट्र्या. तोफ मोडली तर शोक करायचा नाही. पुढच्या वळणावर दुसरी मांडायची. बचावाचे पात्र चढाईचे झाले ते या आकडेमोडीतून. ज्यासाठी जीव टाकावा असे काही मागे उरले नाही, म्हणून तो मोकळा झाला.

या एकांड्या अभियंत्याच्या दुसऱ्या हाताची निवडही विचार करण्याजोगी आहे. साध्या शॉटगनमध्ये सहा काडतुसे बसतात. 'फ्रंटियर जस्टिस' या बंदुकीत तीनच. पण सेन्ट्रीने मिळविलेल्या बळींच्या हिशेबाने, ती सेन्ट्री नष्ट झाल्यावर, या बंदुकीला जबर प्रहारांचा साठा मिळतो. यंत्राच्या मरणातून माणसाचे बळ वाढते. २०११ मध्ये आलेली 'विडोमेकर' याच्या उलट. तिला काडतुसे नाहीत, ती धातूच झाडते. प्रत्येक बारामागे ३० एकके जातात. नेम लागला तर केलेल्या इजेच्या प्रमाणात धातू परत मिळतो, चुकला तर तेवढे बांधकाम बुडाले. म्हणून ज्याचा नेम पक्का त्याने विडोमेकर घ्यावी, ज्याची सेन्ट्री वारंवार बळी घेऊन मोडते त्याने फ्रंटियर जस्टिस, आणि ज्याला कशाचीच खात्री नाही त्याने साधी शॉटगन, असा व्यवहारी निष्कर्ष निघतो. आपण स्वतःवर अधिक विसंबतो की आपण घडविलेल्या वस्तूवर, हे खेळाडूला खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरवावे लागते.

हा प्रश्न अधिक गुंतागुंतीने मांडला तो 'गिल्ड वॉर्स २' या खेळाने. ऑगस्ट २०१२ मध्ये अरीनानेटने तो प्रसिद्ध केला. जखमा भरण्याचे एक कौशल्य त्यात प्रत्येक पात्राला दिले होते, आणि जुन्या त्रिमूर्तीपासून दूर जाण्याचा तो जाणता प्रयत्न होता. एकट्या खेळाडूला त्यामुळे जग मोकळे झाले. येथे हाती घेतलेले शस्त्रच पहिली पाच कौशल्ये ठरविते. बहुतेक पात्रांना लढाईच्या ऐन मध्यावर शस्त्रांचा दुसरा जोड काढता येत असे. प्रसिद्धीच्या वेळी अभियंत्याला ती मुभा नव्हती. त्याच्यापाशी रायफल, पिस्तूल आणि ढाल एवढेच होते. भरपाई म्हणून त्याला 'किट' मिळाले : बॉम्बचे, हातबॉम्बचे, आग फेकणारे, हत्यारांचे, औषधांचे. किट हाती घेतले की शस्त्राची पाच कौशल्ये जाऊन किटची पाच येतात. शस्त्रासोबत तीन किट घेणाऱ्याला वीस कौशल्यांवर बोटे फिरवावी लागत. दुसरे शस्त्र न देता त्याला शस्त्रांची अख्खी पेटी दिली, असेच म्हणावे लागेल.

शस्त्रनिवडीचे तर्क येथे दोन दिशांना जातात. रायफल थेट इजेसाठी. तिच्यात शत्रूला जखडणारे जाळे आहे, उडी घेऊन कोसळण्याची चाल आहे, आणि शत्रूला उडविताना झाडणाऱ्यालाही मागे फेकणारा एक बार मूळ रूपात होता. दोन पिस्तुले ही सावकाश भिनणाऱ्या इजेसाठी : रक्तस्राव, विष, दाह. एकट्या खेळाडूने एका पिस्तुलाच्या जागी ढाल घेतली तर प्रक्षेपास्त्रे परतविता येतात, पण दाहाचे मुख्य साधन हातचे जाते.

यानंतरची दहा वर्षे म्हणजे या पात्राला एकेक नवे हत्यार मिळण्याचा इतिहास आहे. प्रत्येक हत्याराबरोबर एक जीवनदृष्टीच आली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये 'स्क्रॅपर' या उपशाखेसोबत हातोडा आला. पुढील बदलांनंतर स्क्रॅपरने केलेल्या प्रहारातूनच त्याच्याभोवती संरक्षक कवच तयार होऊ लागले. मारणे आणि वाचणे ही एकच क्रिया झाली. एकांड्या खेळाडूंना हातोडा प्रिय का, याचे उत्तर येथे आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये 'होलोस्मिथ'ची तलवार आली. तिच्यासोबतची प्रकाशभट्टी जितकी वापरावी तितकी तापते, तापेल तितकी प्रखर होते आणि मर्यादा ओलांडली की वापरणाऱ्यालाच भाजते. आपली मर्यादा ओळखणे हेच येथले कौशल्य.

आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये 'मेकॅनिस्ट' आला. गदा हे त्याचे नवे शस्त्र. पण त्याची खरी शक्ती म्हणजे सोबत चालणारा हरितमण्याच्या तंत्रावरचा प्रचंड यंत्रमानव. खेळाडूंनी गदा बाजूला ठेवून जुनी रायफल उचलली, दुरून गोळ्या झाडल्या आणि उरलेले काम यंत्रावर सोपविले. त्या वर्षीच्या उत्तरार्धात ही बांधणी सर्वत्र दिसू लागली, आणि तिच्याबरोबर तक्रारही : हा खेळ माणूस खेळत नाही, यंत्र खेळते. पुढील सुधारणांत यंत्रमानवाचे बळ कमी करण्यात आले. २०२३ च्या विस्तारात उपशाखांशी बांधलेली शस्त्रे सर्वांना खुली झाली आणि अभियंत्याला आखूड धनुष्य मिळाले. २०२४ मध्ये भाला.

मेकॅनिस्टवरील आक्षेप बारकाईने पाहिला पाहिजे. वीस कौशल्यांवर बोटे फिरविणाऱ्याला जे श्रेय मिळते ते दोन कळा दाबणाऱ्याला मिळू नये, असा त्याचा गाभा आहे. हा युक्तिवाद श्रमाच्या प्रतिष्ठेचा आहे आणि म्हणूनच तो सहज पटतो. पण अभियंत्याचा वर सांगितलेला वंश पाहिला तर तो डळमळतो. आपल्या हातचे काम वस्तूकडे सोपविणे हेच तर या पात्राचे व्यवच्छेदक लक्षण. यंत्र उत्तम चालले म्हणून त्याला आळशी ठरविणे म्हणजे कवीने शब्दांना काम करू दिले म्हणून त्याला दोष देण्यासारखे आहे. शिवाय ज्यांच्या हातांना वीस कळांची गती झेपत नाही, वयामुळे वा व्याधीमुळे, त्यांना त्या रायफलने मोठ्या लढायांचे दार प्रथमच उघडून दिले. त्यांचे खेळणे हे खेळणे नव्हे, असे कोणत्या अधिकाराने म्हणावे?

तरीही आक्षेपकांच्या म्हणण्यात एक तथ्य उरते, आणि ते यंत्राविषयी नसून निवडीविषयी आहे. तयार बांधण्यांचे तक्ते सर्वत्र मिळतात; कोणते शस्त्र, कोणते गुण, कोणता क्रम, सारे आयते. आपले विद्यार्थी ज्या भावनेने अपेक्षित प्रश्नसंच हाती घेतात त्याच भावनेने हे तक्ते वाचले जातात. संघात खेळताना त्यांना अर्थ आहे, कारण तेथे आपल्या चुकीची किंमत इतर नऊ जण मोजतात. एकट्याने खेळताना मात्र तो धाक नसतो. तेथे गदा चालते का हे गदा घेऊन पाहता येते, हरता येते, पुन्हा मांडता येते. एकल बांधणीचे खरे मोल येथे आहे.

मेकॅनिस्टची रायफल म्हणूनच मला दोषास्पद वाटत नाही. ती न पारखता घेतलेली असेल तर मात्र वाटते. यंत्र लढते तेव्हा लढतो कोण, या प्रश्नाचे उत्तर यंत्रात सापडत नाही, ते मांडणाऱ्याच्या निर्णयात सापडते. तो निर्णय त्याचा स्वतःचा असेल तर दूर उभा राहूनही तोच लढत असतो. नसेल, तर वीस कळांवर बोटे नाचविणाराही दुसऱ्याचेच यंत्र ठरतो.