अंतराळाची चढण
ग्वाल्हेरीस किला गेटपासून मानमंदिरापर्यंतची चढण भल्याभल्यांच्या छातीचा भाता करते. दमसास आणि पायांतील बळ हीच पूर्वी देहाची कसोटी होती. राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय १९५७ साली याच नगरीत निघाले.

त्याच वर्षी बंगळूरास हवाई दलाची वैमानिकी वैद्यकाची संस्था स्थापन झाली. तिचा प्रश्न निराळा होता: धडधाकट दिसणाऱ्या देहात दडले आहे काय? अंतराळप्रवासाने तो अधिकच तीव्र केला. भाररहित अवस्थेत हाडांतील कॅल्शियम झिजून लघवीत उतरते, आणि मूत्रखड्याचे भय वाढते. हौशी अमेरिकन प्रवासी ग्रेगरी ओल्सन यांना २००४ साली रशियात फुफ्फुसावरील एका डागापायी प्रशिक्षणातून वगळण्यात आले. माणूस चिवट! पुनःपुन्हा तपासण्या करवून २००५ साली, साठी गाठल्यावर, ते अंतराळस्थानकावर पोचलेच.

उलट २०२१ साली नव्वद वर्षांचे नट विल्यम शॅटनर सुमारे दहा मिनिटांची फेरी करून सुखरूप परतले. अशा प्रवाशाकडे अमेरिकेचा कायदा वैद्यकीय दाखला मागत नाही. धोके समजल्याची लेखी संमती तेवढी घेतो. मला हा सौदा जरा स्वस्तच वाटतो.