क्रीडाविषयक व्हिडिओ गेममधील ‘वास्तव’ : मैदानाचे की दूरचित्रवाणीचे? – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडाविषयक व्हिडिओ गेमची महती सांगताना ‘अगदी खऱ्यासारखा’ हा शब्दप्रयोग उत्पादकांकडून गेली अनेक दशके केला जात आहे. परंतु हे ‘खरे’ नेमके कोणते, हा प्रश्न क्वचितच उपस्थित केला जातो. प्रत्यक्ष मैदानात उतरलेल्या खेळाडूला मैदान आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसते. धावफलक पाहण्यासाठी त्याला मान वळवावी लागते. समालोचकाचा आवाज त्याच्या कानी पडत नाही आणि सुटलेला झेल संथ गतीने पुन्हा पाहण्याची सोय त्याला नसते. गेममध्ये मात्र हे सारे असते. म्हणजेच येथे ज्याची प्रतिकृती साधली जाते ते मैदान नसून मैदानाचे दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण होय.

जे डेव्हिड बोल्टर व रिचर्ड ग्रुसिन यांनी ‘रिमेडिएशन’ (१९९९) या ग्रंथात नवे माध्यम जुन्या माध्यमाला पुसून न टाकता त्याचीच नव्याने घडण करते, असे प्रतिपादन केले आहे. क्रीडाविषयक गेमला हे प्रतिपादन तंतोतंत लागू पडते. मात्र दूरचित्रवाणीची ही प्रतिकृती कोठे स्वीकारली गेली, कोठे नाकारली गेली आणि तिची मालकी कोणाकडे गेली, हे पाहिल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही.

कॅमेऱ्याचा शिरकाव

१९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ तयार केला. त्यात मैदान बाजूने दिसत असे. १९७२ च्या अटारी कंपनीच्या ‘पाँग’मध्ये तेच मैदान वरून दिसू लागले. या दोन्ही खेळांत ‘पाहणारा’ कोणी नव्हता. मैदानाचा एक आराखडा तेवढा होता. पुढील दशकभर हीच रीत राहिली.

दरम्यान दूरचित्रवाणी क्रीडाप्रक्षेपणाची स्वतःची भाषा घडवीत होती. ७ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेच्या भूदल व नौदल अकादमींच्या फुटबॉल सामन्यात सीबीएस वाहिनीचे दिग्दर्शक टोनी व्हेर्ना यांनी नुकतीच घडलेली चाल चित्रफितीवरून लगेच पुन्हा दाखविली. भूदलाने पुन्हा गुण मिळविलेला नाही, असा खुलासा समालोचकाला त्या वेळी करावा लागला होता. आज बाळबोध वाटणारा हा खुलासा प्रेक्षकांची दृष्टी किती वेगाने बदलली, याचा पुरावाच मानावा लागेल.

ही भाषा गेममध्ये जाणीवपूर्वक आणण्याचे श्रेय मॅटेल कंपनीच्या इंटेलिव्हिजन यंत्रासाठी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वर्ल्ड सिरीज मेजर लीग बेसबॉल’ या गेमला द्यावे लागते. डॉन डॅगलो व एडी डॉम्ब्रोवर यांनी रचलेल्या या गेममध्ये चेंडूफेक एका कोनातून, तर चेंडू टोलावल्यानंतरचा खेळ दुसऱ्या कोनातून दिसे. दूरचित्रवाणीवर बेसबॉल पाहत असतानाच डॅगलो यांना ही कल्पना सुचली होती. त्याच वर्षी अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि १९८४ च्या आरंभी मॅटेलने आपला हा विभागच बंद केला. परिणामी या प्रयोगाला त्या काळी फारसा प्रेक्षक लाभला नाही.

समालोचकाचे नाव आणि समालोचकाचा आवाज

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने १९८८ मध्ये ‘जॉन मॅडन फुटबॉल’ बाजारात आणला. मॅडन हे मूळचे प्रशिक्षक. परंतु १९७९ पासून प्रेक्षक त्यांना ओळखत होते ते समालोचक म्हणून. कंपनीने नव्वदच्या दशकारंभी आपल्या क्रीडाविभागास दिलेले नावही ‘स्पोर्ट्स नेटवर्क’ असे, थेट ईएसपीएन या वाहिनीची आठवण करून देणारे होते. पुढे ते ‘ईए स्पोर्ट्स’ असे आखडले गेले.

समालोचकाचा आवाज मात्र काही वर्षे थांबला. कार्ट्रिजची साठवणक्षमता काही मेगाबाइटांपुरती मर्यादित असल्याने त्यात दीर्घ ध्वनिमुद्रण मावत नसे. सुमारे ६५० मेगाबाइट क्षमतेची सीडी आल्यावर ही अडचण दूर झाली. ‘फिफा ९६’मध्ये बीबीसीचे जॉन मॉट्सन ऐकू येऊ लागले. अर्थात हे समालोचन म्हणजे सुटी वाक्ये व सुटी नावे ध्वनिमुद्रित करून ती प्रसंगानुसार जोडण्याची क्रिया होय. ज्या नावाचे ध्वनिमुद्रण झालेले नाही, ते समालोचकाला उच्चारता येत नाही.

क्रिकेटच्या बाबतीत याचे एक लक्षणीय उदाहरण आढळते. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या ‘क्रिकेट ०७’मध्ये रिची बेनॉ व मार्क निकोलस यांचे समालोचन होते. ब्रिटनमधील चॅनेल ४ वाहिनीवरील ही जोडी २००५ च्या ॲशेस मालिकेनंतर तेथील पडद्यावरून दिसेनाशी झाली होती, कारण प्रक्षेपणाचे हक्क दुसऱ्या वाहिनीकडे गेले आणि बेनॉ यांनी ब्रिटनमधील समालोचन थांबविले. ईए कंपनीने त्यानंतर क्रिकेटचा नवा गेम काढला नाही. चाहत्यांनी मात्र तयार केलेल्या ‘पॅच’च्या साहाय्याने याच गेममध्ये आयपीएलचे संघ आणले. त्यामुळे २०१५ मध्ये निधन पावलेल्या बेनॉंचा आवाज, त्यांनी ज्यांच्यासाठी कधी ध्वनिमुद्रण केले नव्हते अशा भारतीय संघांच्या सामन्यांवर, येथील असंख्य संगणकांवरून ऐकू येत राहिला. दूरचित्रवाणीने मागे टाकलेले प्रक्षेपण गेमने असे जतन केले.

पुनर्दर्शनाचा मुद्दाही येथेच लक्षात घेतला पाहिजे. दूरचित्रवाणीवर पुनर्दर्शनाचा उगम कुतूहलात असला तरी त्याचे बळ संशयात आहे : चेंडू बॅटला लागला होता काय, पाय रेषेच्या आत होता काय. संगणकाला मात्र चेंडूचा मार्ग क्षणोक्षणी ज्ञात असतो. तरीही अलीकडच्या काही क्रिकेट गेममध्ये पंच चुकतात, संघनायक दाद मागतो आणि चेंडूचा मार्ग रेषेने दाखविला जातो. संशय जेथे संभवतच नाही तेथे तो मुद्दाम निर्माण करणे, ही या वास्तववादाची परिसीमा म्हणावी लागेल.

अपवाद : खेळण्याची गरज

दूरचित्रवाणीचे हे अनुकरण सरसकट नव्हते. अमेरिकन फुटबॉलचा सामना दूरचित्रवाणी परंपरेने मैदानाच्या बाजूने दाखविते. ‘मॅडन’ मालिकेने १९९० च्या सेगा आवृत्तीपासून आक्रमक संघाच्या पाठीमागचा कोन स्वीकारला. कारण बचावातील मोकळी जागा शोधून चेंडू फेकायचा असेल तर बाजूचे दृश्य निरुपयोगी ठरते. ‘फिफा’ मालिकेत मात्र बाजूचा कोनच रुळला आणि त्याच्या प्रकारांना ‘टेली’, ‘ब्रॉडकास्ट’ अशी नावे मिळाली. कोणता कोन टिकावा हे शेवटी बोटांनी ठरविले, डोळ्यांनी नव्हे.

प्रक्षेपणाची मालकी

२००४ मध्ये व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स या संस्थेचा ‘ईएसपीएन एनएफएल २के५’ हा गेम प्रसिद्ध झाला. ईएसपीएनची चित्रलेखने, संगीत आणि मध्यंतरातील क्रिस बर्मन यांचे निवेदन यांमुळे तो चालू वाहिनीसारखा भासे. प्रचलित किंमत सुमारे ५० डॉलर असताना तो सुमारे २० डॉलरला विकला गेला व ‘मॅडन’लाही दर उतरवावे लागले. डिसेंबर २००४ मध्ये ईए कंपनीने एनएफएलचा अनन्य परवाना मिळविला आणि जानेवारी २००५ मध्ये ईएसपीएनशी १५ वर्षांचा करार केला. अशा रीतीने स्पर्धकाचे संघही गेले आणि पडद्यावरची वेशभूषाही गेली. या घटनेकडे केवळ व्यापारी डावपेच म्हणून पाहणे अपुरे आहे. प्रक्षेपणाचे रूप म्हणजेच वास्तव असे एकदा ठरल्यावर ‘वास्तव’ विकत घेता येते, आणि दुसऱ्याला नाकारताही येते.

प्रवाह उलटा

नोव्हेंबर २०१७ मध्ये टेनेसी टायटन्स व पिट्सबर्ग स्टीलर्स यांच्या सामन्यात एनबीसी वाहिनीने मैदानावर तारांवरून फिरणाऱ्या स्कायकॅमचे पाठीमागचे दृश्य मुख्य दृश्य म्हणून वापरले. ‘मॅडन’ खेळून वाढलेल्या प्रेक्षकांना हा कोन परिचित आहे, याची वाहिनीला पूर्ण जाणीव होती. गेमने दूरचित्रवाणीपासून जेथे फारकत घेतली होती, नेमके तेच दूरचित्रवाणीने उचलले.

यापुढील पायरी २०२० च्या महामारीत दिसली. जून महिन्यात रिकाम्या मैदानांत फुटबॉल सुरू झाला तेव्हा स्पेनच्या ला लीगाने व इंग्लंडमधील स्काय स्पोर्ट्सने प्रेक्षकांच्या गजराचा आवाज घेतला तो ‘फिफा’ गेमच्या ध्वनिसंग्रहातून. गेमसाठी हा गजर पूर्वी खऱ्या सामन्यांच्या वेळी ध्वनिमुद्रित केलेला होता. स्कायने आपल्या प्रेक्षकांना या आवाजासह किंवा त्याशिवाय सामना पाहण्याचा पर्याय दिला होता.