उपदेश फुकट, औषध विकत : अमेरिकेतल्या सिगारेटमुक्तीचा धडा

व्यसन सोड म्हणून सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. सोडायला मदत करणारे मात्र शोधावे लागतात. 'मनावर घेतलं की सुटतं' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. हे वाक्य फार सोयीचं आहे. व्यसन सुटलं नाही तर दोष त्या माणसाचा. सरकार, कंपनी आणि दवाखाना तिघेही मोकळे! हे वाक्य किती अपुरं आहे, हे अमेरिकेच्या गेल्या साठ वर्षांच्या इतिहासात स्पष्ट दिसतं.

११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सांगणारा अहवाल जाहीर केला. तेव्हा तिथले दहापैकी चार प्रौढ सिगारेट ओढत होते. ही सवय लावण्यात सरकारही सामील होतं. सैनिकांच्या शिध्यातून सिगारेटी गेल्या त्या थेट १९७५ मध्ये. अहवालानंतर पाकिटावर इशारा आला, १९७१ मध्ये रेडिओ-टीव्हीवरच्या जाहिराती थांबल्या. शिकलेला, खासगी विमा असलेला वर्ग सिगारेटपासून दूर होऊ लागला. गरीब मागे राहिला.

का मागे राहिला? गरिबाला अक्कल नव्हती म्हणून? नाही. निकोटिन मेंदूला जखडतं आणि ती पकड सैल करायला समुपदेशन आणि औषध लागतं. औषधं येतही होती. निकोटिनचं च्युइंगगम १९८४ मध्ये मंजूर झालं, त्वचेवर चिकटवायचा पॅच १९९१ मध्ये, बुप्रोपिऑन १९९७ मध्ये आणि व्हरेनिक्लिन २००६ मध्ये. पण ती मिळत होती खिशात पैसे असणाऱ्याला. गरिबांसाठी 'मेडिकेड' ही सरकारी आरोग्य योजना होती. तिच्यासाठी १९९० मध्ये झालेल्या कायद्याने राज्यांना काही औषधं वगळण्याची मुभा दिली. त्या यादीत सिगारेट सोडवणारी औषधं होती आणि त्याच यादीत केस उगवण्याची औषधंही होती. म्हणजे मजुराचं फुप्फुस वाचवणं आणि टक्कल झाकणं, कायद्याच्या लेखी दोन्ही एकाच रांगेत!

दुसरीकडे कंपन्या गरीब वस्तीला विसरल्या नव्हत्या. काळ्यांच्या वस्त्यांत आणि त्यांच्या मासिकांत मेंथॉल सिगारेटच्या जाहिरातींचा मारा झाला. घशाला थंडावा देणारी ही सिगारेट ओढायला सोपी असते आणि सुटायला अवघड. आजही सिगारेट ओढणाऱ्या दहा काळ्या माणसांपैकी आठांहून अधिक जण मेंथॉलच ओढतात. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, त्या संघटनेने वस्त्यांत मोफत दवाखाने चालवले आणि त्याच १९७२ मध्ये मोफत आरोग्यसेवेची मागणी आपल्या कार्यक्रमात लिहिली. आरोग्य हा दानाचा विषय नाही, हक्काचा आहे, हे त्यांना नीट कळलं होतं.

आता मॅसॅच्युसेट्स राज्य पाहा. एप्रिल २००६ मध्ये तिथे आरोग्यसेवा सुधारणेचा कायदा झाला आणि जुलैपासून मेडिकेडच्या लाभार्थींना सिगारेट सोडण्याची औषधं आणि समुपदेशन मिळू लागलं. औषधासाठी रुग्णाने द्यायचे ते एक ते तीन डॉलर. योजनेचा गाजावाजाही भरपूर केला गेला. अडीच वर्षांत सत्तर हजारांहून अधिक लोकांनी लाभ घेतला. मेडिकेडमधल्या सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण ३८.३ टक्क्यांवरून २८.३ टक्क्यांवर आलं. औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणं जवळपास निम्म्यावर आलं. खर्च केलेल्या एका डॉलरमागे रुग्णालयाचे तीन डॉलर वाचले, असाही हिशेब पुढे अभ्यासकांनी मांडला.

अडीच वर्षांत त्या गरिबांची इच्छाशक्ती अचानक वाढली होती का? माणसं तीच होती. दवाखान्याचं दार उघडलं होतं.

२३ मार्च २०१० रोजी ओबामांनी सही केलेल्या आरोग्य कायद्याने हे दार देशभर थोडं उघडलं. ऑक्टोबर २०१० पासून मेडिकेडमधल्या गरोदर महिलांना ही सेवा देणं राज्यांना बंधनकारक झालं. १ जानेवारी २०१४ पासून ही औषधं मेडिकेडमधून वगळण्याची मुभा संपली. नव्या खासगी विम्यांनाही सिगारेट सोडण्याची मदत रुग्णाकडून पैसे न घेता द्यावी लागली.

पण कायद्याची दुसरी बाजूही बघा. त्याच कायद्याने तंबाखू वापरणाऱ्याकडून ५० टक्क्यांपर्यंत जादा हप्ता घेण्याची परवानगी विमा कंपन्यांना दिली. एका हाताने औषध, दुसऱ्या हाताने दंड! २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. अलाबामा, मिसिसिपी, टेक्सास ही दक्षिणेकडची राज्यं बाहेरच राहिली आणि तिथल्या गरिबाला योजनेचं कार्डच मिळालं नाही. २००९ च्या कायद्याने सिगारेटमधले इतर स्वाद बंद केले, मेंथॉल तेवढं वगळलं. २०२२ मध्ये त्यावर बंदीचा प्रस्ताव आला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला. २०२१ पर्यंत देशातलं प्रमाण ११.५ टक्क्यांवर उतरलं, पण मेडिकेडवर जगणाऱ्यांत ते खासगी विमा असणाऱ्यांच्या दुपटीहून जास्तच आहे.

मग इच्छाशक्तीला काहीच किंमत नाही का? आहे. सिगारेट शेवटी त्या माणसालाच विझवायची असते. पण पोहायला शीक म्हणणाऱ्याने बुडणाऱ्याला आधी दोर टाकायचा असतो.

मित्रांनो, आपण वस्तीत व्यसनमुक्तीची शिबिरं घेतो, शपथ देतो, भाषण करतो. ते करत राहूच. पण २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही व्यसन सोडवणाऱ्या निकोटिनचा समावेश झाला आहे. पुढच्या शिबिरानंतर चार जणांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारावं : हे औषध इथे मिळतं का, समुपदेशक कोणत्या दिवशी येतो, आणि येत नसेल तर का येत नाही? उत्तर लेखी मागावं. शपथ माणसाकडून घेतली, तर जबाब व्यवस्थेकडूनही घेतलाच पाहिजे.